नोकरी सोडून फ्रीलान्स एडिटर होताना

आज समोर बसलेल्यांपैकी बरेच जण चॅनेलमध्ये, जाहिरात एजन्सीत किंवा एखाद्या पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओत पगारावर एडिटिंग करतात, असं आयोजकांनी मला आधीच सांगितलं होतं. काही जण नोकरी सांभाळून रात्री लग्नाचे व्हिडिओ आणि यूट्यूबची कामं करतात. आणि बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न आहे: सोडू का? या प्रश्नाचं हो किंवा नाही असं उत्तर मी देणार नाही, कारण घर तुमचं, हप्ते तुमचे. पण सोडल्यावर नेमकं काय बदलतं, ते आज शक्य तितकं नीट उलगडून सांगतो. मग निर्णय तुम्हीच घ्या.

सुरुवातीला एक गोष्ट लक्षात घेऊ. आपल्या व्यवसायात फ्रीलान्स ही काही नवी फॅशन नाही. पुण्यातल्या ज्या जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, ती जागा मुळात प्रभात फिल्म कंपनीची. प्रभातमध्ये दिग्दर्शकापासून सुतारापर्यंत माणसं पगारावर होती. तेव्हाच्या मोठ्या स्टुडिओंची रीतच तशी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ती व्यवस्था मोडत गेली आणि माणसं एकेका चित्रपटापुरती घेतली जाऊ लागली. संकलकही त्यातलाच. पुढे १९९० नंतर खासगी वाहिन्या आल्या आणि त्यांना रोज, चोवीस तास एडिटर लागू लागले, तेव्हा महिन्याचा पगार पुन्हा आला. त्यामुळे आज कुणी नोकरी सोडून फ्रीलान्स झाला, तर तो काही जगावेगळं करत नाही. तो या धंद्याच्या जुन्या पद्धतीकडे परत जातो, एवढंच.

मग अवघड काय आहे? सॉफ्टवेअर तेच आहे. प्रीमिअर असो, ॲव्हिड असो, दाविंची रिझॉल्व्ह असो, टाइमलाइन काही बदलत नाही. बदलतं ते तुमच्या आजूबाजूचं. नोकरीत तुम्ही खुर्चीवर बसून कट करत असता, तेव्हा पाच माणसं तुमच्यासाठी काम करत असतात. एक जण फुटेज कॉपी करून, सांभाळून देतो. एक प्रोड्यूसर असतो, तो बदल कुठे थांबवायचे ते ठरवतो. एक अकाउंट्सवाला असतो. एक लीगलवाला असतो, करार बघतो. आणि एक जण बाहेरून काम आणतो. या पाचही जणांचा पगार कंपनी देते, म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत. राजीनामा दिला की ही पाचही माणसं त्याच दिवशी निघून जातात. त्यांचं काम मात्र राहतं, आणि ते तुमच्याकडे येतं. माझ्या पाहण्यात जे चांगले एडिटर वर्ष-दीड वर्षात परत नोकरीकडे वळले, त्यांचा कट कच्चा नव्हता. या पाचांपैकी एखादं काम कुणीच करत नव्हतं.

तर आता एकेकाकडे बघू.

पहिला माणूस: फुटेज सांभाळणारा

नोकरीत सर्व्हर असतो, आयटी विभाग असतो. घरी तुमच्या टेबलावर एक हार्ड डिस्क असते. साधं गणित करू. यूएचडी म्हणजे आपण ज्याला बोलताना फोर-के म्हणतो ते, २५ फ्रेम्स, प्रोरेझ ४२२ एचक्यू. याला तासाला सुमारे ३३० जीबी जागा लागते. एका डॉक्युमेंटरीचे २० तासांचे रशेस धरले तर झाले साडेसहा टीबी. आता बॅकअपचा जुना नियम आहे तीन-दोन-एक: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक प्रत वेगळ्या जागी. म्हणजे एका कामासाठी जवळपास वीस टीबी. हे पैसे कुणी द्यायचे?

उत्तर असं की, ग्राहकाने द्यायचे, आणि ते कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहायचे. 'हार्ड डिस्क प्रोड्यूसरने पुरवायच्या, मूळ रशेसची एक प्रत कायम प्रोड्यूसरकडे राहील, काम संपल्यावर डेटा अमुक दिवस सांभाळला जाईल, त्यानंतर जबाबदारी नाही.' ही तीन वाक्यं लिहिली की निम्मी भांडणं मिटतात. कारण आठ महिन्यांनी फोन येतो की, 'अरे, तो प्रोजेक्ट उघड ना, लोगो बदलायचाय.' तोवर तुम्ही ती डिस्क पुसून दुसऱ्या कामाला लावलेली असते. तुमची चूक नसते, पण कागद नसेल तर चूक तुमचीच ठरते.

आणि एक सवय. कार्डावरचं फुटेज नुसतं ओढून फोल्डरमध्ये टाकू नका. कॉपी पडताळून बघणारं, म्हणजे चेकसम काढणारं सॉफ्टवेअर वापरा. रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीतसुद्धा क्लोन टूल आहे, ते हे काम करतं. कार्ड पुसायला परवानगी देण्याआधी दुसऱ्या डिस्कवरची प्रत उघडून बघा.

दुसरा माणूस: बदल थांबवणारा

चॅनेलमध्ये एपिसोड रात्री नऊला ऑन एअर जायचा असतो, म्हणून बदल साडेआठला आपोआप थांबतात. फ्रीलान्स कामात घड्याळ नसतं. कॉर्पोरेट फिल्म असली की आधी मार्केटिंगवाला बघतो, मग त्याचा साहेब बघतो, मग एमडी बघतात, मग कधीकधी एमडींच्या मिसेस बघतात. प्रत्येकाची सूचना वेगळी, आणि बऱ्याचदा एकमेकींच्या उलट.

इथे नवीन माणूस चिडतो. चिडून उपयोग नाही. बदल होणारच, एडिटिंगचा अर्थच तो आहे. प्रश्न फक्त किती फेऱ्या तुमच्या फीमध्ये आहेत, एवढाच आहे. म्हणून कोटेशनमध्ये 'एडिटिंग, ५ मिनिटांची फिल्म, इतके रुपये' असं लिहू नका. असं लिहा: रफ कट, त्यावर बदलांच्या दोन फेऱ्या, मग पिक्चर लॉक. सूचना एकाच माणसाकडून, लेखी, टाइमकोडसह येतील. पिक्चर लॉकनंतर कट बदलला तर दिवसाच्या दराने वेगळे पैसे.

'एकाच माणसाकडून' हे सर्वांत महत्त्वाचं. त्यांच्यातला वाद त्यांनी त्यांच्या ऑफिसात मिटवायचा, तुमच्या टाइमलाइनवर नाही. आणि तिसरी फेरी आली तर लगेच नाही म्हणू नका. 'करतो, पण ही तिसरी आहे, हिचा आकडा पाठवतो,' एवढा मेसेज टाका. दहातल्या सहा सूचना तिथेच गळून पडतात. उरलेल्या चार खरोखर गरजेच्या असतात, आणि त्यांचे पैसे मिळतात.

तिसरा माणूस: अकाउंट्सवाला

आता पैशाचं बोलू. आपल्याकडे पैशाचं बोलायला संकोच वाटतो, पण आजच्या विषयात तोच मुख्य भाग आहे.

आधी दर. समजा तुम्हाला हातात ६० हजार पगार आहे. बहुतेक जण ६० भागिले ३० करतात आणि दिवसाला दोन हजार, फार तर अडीच हजार सांगतात. हे गणित का चुकतं ते बघा. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातले शनिवार-रविवार १०४, सणवार आणि आजारपण मिळून २५ धरा. उरले २३६. पण हे सगळे दिवस कामाचे नसतात. मीटिंगा, बिलं, कोटेशनं, दोन कामांमधली रिकामी जागा. समजा १५० दिवस पैसे मिळवून देणारे आहेत. आता वर्षाचा पगार ७ लाख २० हजार. त्यात मशीनची झीज, डिस्क, सॉफ्टवेअर, वीज, इंटरनेट, स्वतःचा आरोग्य विमा आणि कंपनी भरत होती तो पीएफ, असे १ लाख ८० हजार धरा. झाले ९ लाख. भागिले १५०, म्हणजे दिवसाला ६ हजार. हे आकडे उदाहरणाचे आहेत, प्रत्येकाने स्वतःचे घालायचे. पण बघा, दोन हजार आणि सहा हजार यांत किती अंतर आहे! दोन हजारांत काम घेणारा माणूस स्वतःच्या खिशातून ग्राहकाला अनुदान देत असतो, आणि ते त्याला दहाव्या महिन्यात कळतं.

दुसरं, टीडीएस. व्यावसायिक फीवर ग्राहक दहा टक्के कापून उरलेले पैसे देतो. ज्याच्याकडून वर्षाला ५० हजारांच्या वर पैसे येतात, तो कापणारच. इथे एक चांगली गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४४एडीएखाली ठरावीक व्यवसायांना सोय होती: जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची, खर्चाची वहीखाती ठेवायची गरज नाही. या व्यवसायांत 'फिल्म आर्टिस्ट' येतात आणि त्यांच्या व्याख्येत एडिटर हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण तत्त्व तेच आहे. जमेची मर्यादा ५० लाख, आणि रोखीने आलेली रक्कम पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. तुमचं काम चित्रपटांपेक्षा लग्नाचं किंवा कॉर्पोरेट जास्त असेल, तर ही सोय तुम्हाला लागते का ते सीएला विचारून घ्या. सीएची फी हा या धंद्यातला सर्वांत स्वस्त खर्च आहे.

आपल्याच उदाहरणात ९ लाख जमा झाले, तर उत्पन्न धरलं जाईल साडेचार लाख, आणि त्यावर आजच्या नियमांनी कर शून्य. पण सगळ्यांनी टीडीएस कापला असेल तर ९० हजार रुपये सरकारकडे गेलेले असतात. रिटर्न भरल्यावर ते परत मिळतात. मिळतात हे खरं, पण पुढच्या वर्षी! तोवर घरभाडं थांबत नाही. म्हणून महिन्याचं बजेट बिलाच्या आकड्यावर करू नका, हातात येणाऱ्या आकड्यावर करा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी लागते, तेही ध्यानात ठेवा.

तिसरं, उशिरा येणारे पैसे. फ्रीलान्सरचा खरा शत्रू कमी दर हा नाही, उशीर आहे. 'नव्वद दिवसांत पेमेंट होईल' असं एजन्सी सहज सांगते. आपण मान डोलावतो. पण २००६ चा एमएसएमई कायदा काय म्हणतो? तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेले असाल, तर काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करारात ९० लिहिलं तरी ४५ च. लेखी करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. ही नोंदणी म्हणजे उद्यम. ती ऑनलाइन होते, आधार-पॅनवर होते, आणि फुकट होते. एकटा घरी बसून काम करणारा एडिटरसुद्धा ती करू शकतो. फक्त काम सुरू करण्याआधी करा, बिल अडकल्यावर केली तर वाद होतो.

यावर तुम्ही म्हणाल, मोठ्या कंपनीविरुद्ध तक्रार कोण करणार, पुढचं काम जाईल. बरोबर आहे. तक्रार करायचीच असं नाही. पण २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरात आणखी एक तरतूद लागू झाली. अशा उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च कर वाचवायला दाखवता येत नाही. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की त्यांचा अकाउंट्सवालाच मार्चच्या आधी तुमची फाइल वर काढतो. भांडण नाही, तक्रार नाही, बिलावरची एक ओळ.

छोट्या ग्राहकांसाठी साधा उपाय आहे. काही रक्कम काम सुरू होण्याआधी, काही रफ कटला, बाकी शेवटच्या फाइलआधी. पैसे पूर्ण येईपर्यंत वॉटरमार्क असलेली, कमी रिझोल्यूशनची फाइल द्यायची. रशेस मात्र अडवून धरू नका. ते त्यांचे आहेत. लग्नाचं फुटेज अडवलं तर तुमची बदनामी गावभर होते, आणि व्हायलाच हवी.

चौथा माणूस: करार बघणारा

इथे एक कडू सत्य आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा 'कर्ता' म्हणजे निर्माता. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार, संगीतकार, लेखक यांना रॉयल्टीचा हक्क दिला, पण एडिटरला नाही. तुम्ही केलेली फिल्म वीस वर्षं चालली तरी त्यातून तुम्हाला नंतर काही मिळणार नाही. मग तुमच्या हातात काय राहतं? फी, श्रेयनामावलीतलं नाव, आणि ते काम इतरांना दाखवण्याची परवानगी. तिन्ही गोष्टी आधी लिहून घ्यायच्या. शोरीलमध्ये अमुक सेकंद वापरता येतील, फिल्म प्रसिद्ध झाल्यावर वापरता येतील, एवढं एक वाक्य. नाहीतर तीन वर्षं काम करूनही दाखवायला काही नाही, अशी वेळ येते. प्रोजेक्ट फाइल द्यायची की फक्त अंतिम फिल्म, तेही त्याच कागदावर.

करार म्हणजे वीस पानं आणि स्टॅम्प पेपर असं डोक्यातून काढून टाका. छोट्या कामाला एक पानाचं ईमेल आणि समोरच्याचं 'मान्य' हे उत्तर, एवढं पुष्कळ कामाला येतं.

पाचवा माणूस: काम आणणारा

सगळ्यांना वाटतं, शोरील चकाचक केली की काम येतं. शोरील दार उघडते. पण काम येतं ते तुमच्याबरोबर आधी बसलेल्या माणसांकडून. रेणू सलुजा यांचं उदाहरण घ्या. फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडल्यावर त्यांनी कुंदन शहांचा 'जाने भी दो यारों' केला, विधू विनोद चोप्रांचा 'परिंदा' केला. हे दोघंही त्याच इन्स्टिट्यूटचे. म्हणजे राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या संकलकाचीही कामाची साखळी एकत्र शिकलेल्या माणसांतून सुरू झाली.

तुमच्यासाठी ही साखळी म्हणजे आजचं तुमचं ऑफिस. तुमच्याबरोबरचा असिस्टंट प्रोड्यूसर दोन वर्षांनी दुसऱ्या कंपनीत जाईल, कॅमेरामन स्वतःची फिल्म करेल, साउंडवाला कुणाला तरी तुमचं नाव सुचवेल. म्हणून नोकरी सोडताना दार आपटून जाऊ नका. नोटीस पूर्ण करा, प्रोजेक्ट नीट लावून द्या, फोल्डरना नावं द्या. पहिली दोन कामं बहुधा त्याच ऑफिसातून येतात. चित्रपट आणि मालिकांत काम करायचं असेल तर मुंबईतल्या संकलकांच्या संघटनेचं सदस्यत्व लागतं का, तेही आधी विचारून ठेवा. आणि एकाच ग्राहकाकडून निम्म्याहून जास्त पैसे येत असतील, तर समजा की तुम्ही अजून नोकरीतच आहात, फक्त पीएफ नाही.

सोडण्याआधी

आता निर्णयाकडे येऊ. राजीनामा देण्याआधी नोकरीत राहूनच एक काम असं करा की ज्यात ही पाचही कामं तुम्ही स्वतः केली आहेत. म्हणजे कोटेशन दिलं, ॲडव्हान्स घेतला, बॅकअप ठेवला, तिसऱ्या फेरीचे पैसे मागितले, आणि शेवटचा रुपया वसूल केला. अर्थात तुमच्या नियुक्तिपत्रात बाहेरची कामं करायला मनाई आहे का ते आधी वाचा. हे काम छोटं असलं तरी चालेल. त्यात कळतं की पाचपैकी कुठलं काम आपल्याला जमत नाही. अनेकांना पैसे मागणं जमत नाही. मग ते काम कुणाला तरी द्या: बायको असेल, भाऊ असेल, महिन्याला दोन दिवस येणारा अकाउंटंट असेल. पण ते काम कुणाचंच नाही, असं ठेवू नका.

सोबत सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला. आरोग्य विम्याची स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच सुरू झालेली. कायम नोकरीत पाच वर्षं व्हायला चार महिने उरले असतील तर थांबा, ग्रॅच्युइटी सोडू नका.

श्रोत्यांच्या प्रश्नांतून

*प्रश्न: सर, घरचे म्हणतात, आधी फ्लॅट घे, मग सोड. काय करावं?*

घरचे अगदीच चुकीचं बोलत नाहीत. फ्रीलान्सरला कर्ज देताना बँक साधारण दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागते, त्यामुळे सोडल्यावर लगेच कर्ज मिळणं अवघड जातं. पण दुसरी बाजू बघा. हप्ता सुरू झाला की पहिल्या वर्षी पडेल ते काम पडेल त्या दरात घ्यावं लागतं. आत्ता घर खरोखर हवं असेल तर घर घ्या आणि दोन वर्षं नोकरी करा. दोन्ही एकाच वर्षी नको. आणि घरच्यांना 'माझ्यावर विश्वास ठेवा' असं म्हणू नका. त्यांच्यासमोर कागद ठेवा: एवढी बचत, एवढे ग्राहक, अमुक महिन्यापर्यंत जमलं नाही तर परत नोकरी शोधेन. तारीख लिहिलेली असली की आईवडिलांनाही झोप लागते.

*प्रश्न: एआय आता आपोआप कट करतं. मग या धंद्यात उतरण्यात अर्थ आहे का?*

मुलाखतीतली शांतता काढणं, बोललेलं टाइप करून देणं, सबटायटल लावणं, ही कामं मशीन करू लागलं आहे, आणि फक्त त्याच कामांवर जगणाऱ्याला अडचण येणार. पण आज आपण ज्या पाच कामांबद्दल बोललो, ती बघा. फुटेज सुरक्षित आहे याची हमी कोण देणार? एमडी आणि मार्केटिंगवाला उलट बोलले तर मधला मार्ग कोण काढणार? ग्राहक पैसे देतो ते कुणीतरी जबाबदार आहे म्हणून. ती जबाबदारी घेणारा माणूस लागतोच. तो तुम्ही व्हायला तयार आहात का, एवढंच स्वतःला विचारा.

वेळ संपलीय, थांबतो.